चुकीच्या जागी हसणारं माणूस

३ नोव्हेंबर

ताई,

पत्र मुद्दाम तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतोय. घरी फोन केला की आई शेजारची खुर्ची ओढून बसते, आणि मला जे विचारायचंय ते तिच्यासमोर विचारण्यासारखं नाही. नाटकाबद्दल तिला काही कळू द्यायचं नाही हे आपलं ठरलंय. ते तू पाळते आहेस ना?

गोष्ट अशी की माझ्या नाटकाला कुणीतरी हसतंय.

तू म्हणशील, हसले तर बिघडलं काय. पण हे हसायचं नाटक नाही, तुला माहीत आहे. पहिल्या प्रयोगाला तू स्वतः माझा रुमाल भिजवून परत केलास. पहिल्या अंकाच्या शेवटी बाबा बॅग घेऊन निघतात, उंबरठ्यावर थांबून आईशी ते शेवटचं बोलतात, आणि दार अलगद ओढून घेतात. आई पाठमोरी उभी. त्या क्षणी सगळं थिएटर श्वास रोखून बसलेलं असतं. गेले तीन शनिवार नेमकं तेव्हाच वर बाल्कनीतून हसू येतं. खोकल्यासारखं सुरू होतं आणि मग फुटतं. दाबायचा प्रयत्न केलाय हेही कळतं, त्यामुळे आणखीच राग येतो.

मी नाटक कसं बघतो ते तुला माहीत नसेल. मी शेवटच्या रांगेत डोळे मिटून बसतो. स्टेजवर काय चाललंय ते मला पाठच असतं, मी लोकांकडे कान देऊन असतो. ते खोकायला लागले की ती वाक्यं काढून टाकायची, खुर्च्या कुरकुरल्या की प्रसंग छोटा करायचा. अशी मी पाच नाटकं उभी केली. पण या हसण्याचं काय करायचं तेच समजत नाही.

आधी वाटलं, दाढीवाल्याने कुणीतरी पाठवलं असेल. त्याचं नवं नाटक आपटलं तेव्हापासून तो मला पाण्यात पाहतो. पण विकत घेतलेला माणूस दुसऱ्या कुठल्याही जागी हसला असता. हा बरोबर दाराशीच हसतो. कुठेतरी पाणी मुरतंय, ताई.

तुझा धाकटा


७ नोव्हेंबर

नाटककार महाशय,

पत्र मिळालं. दुकानात गिऱ्हाईक समोर असताना फोडलं आणि मालक माझ्याकडे बघत राहिले. चष्म्याच्या दुकानात बाईला कुणाचं पत्र येतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर. तेव्हा पुढच्या वेळी पाकिटावर स्वतःचं नाव जरा मोठं लिही, तुला तेवढीच हौस आहे.

माझं मत विचारशील तर ते हसणारं माणूस शुद्धीत आहे. बाबा जाताना काय बोलतात तुझ्या नाटकात! आपले बाबा सलग इतकी वाक्यं कधी बोलल्याचं मला तरी आठवत नाही. मी रडले ती त्यांच्यासाठी नाही, तुझ्यासाठी रडले. एवढंसं पोर होतास, त्याने काय काय डोक्यात साठवून ठेवलं म्हणून. तुझ्या नाटकातलं दार मात्र मला फार आवडलं. आपल्या त्या घराचं दार असं लागलं असतं तर आईचा उजवा खांदा वाचला असता.

आईला मी काही सांगितलेलं नाही. शपथ घेऊ का? तुझी आईच हल्ली मला काही सांगत नाही. शनिवारी गुडघ्याच्या उपचारांना तुझ्या शहरात जाते, हे तुला ठाऊक आहे. बसने दीड तास जाणं, दीड तास येणं. तर म्हटलं, जातेच आहेस तर धाकट्याकडे डोकावून ये. म्हणाली, “त्याला कशाला त्रास, तो कामात असतो.” आणि घरी येते तेव्हा गुडघा सकाळपेक्षा जास्त दुखत असतो. असला उपचार मी पाहिला नाही.

चष्म्याचीही तीच तऱ्हा. मी दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवते आणि माझी आई मोडक्या काडीला हिरवा दोरा गुंडाळून फिरते. नवीन करून देते म्हटलं तर म्हणते, “दिसतंय ना, मग झालं तर.” गल्लीत माझी अब्रू काढायचा चंग बांधलाय तिने.

जेवत जा.

ताई


१० नोव्हेंबर

ताई,

तुला सगळ्यात थट्टा दिसते. मला झोप नाही.

परवाच्या प्रयोगासाठी मी तो प्रसंग दुरुस्त करून घेतला. सुताराला सांगून दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, आता बोटाने ढकललं तरी ते लोण्यासारखं फिरतं. बाबांचं बोलणं आणखी हळवं केलं. मागे बारीक व्हायोलिन ठेवलं. परिणाम काय, तर हसू दुप्पट! आणि या वेळी खालच्या दोन रांगांनी माना वळवून वर पाहिलं, आणि त्यांच्यातलीही दोघं-तिघं खुदखुदली. हा रोग पसरला तर नाटक पडलं म्हणून समज.

मध्यंतरात बाल्कनीच्या डोअरकीपरला धरलं. त्याला म्हटलं, वर दर शनिवारी कोण येतं? तो म्हणाला, नेहमीचं असं कुणी नाही साहेब. पोरंपोरी येतात, एक जण झोपायला येतो, एक म्हातारी गुडघ्यामुळे कडेची खुर्ची मागून घेते, बाकी दर वेळी नवीन. झोपणाऱ्यावर मी संशय घेतला, पण तो खरोखरच झोपतो. मी जाऊन पाहिलं.

आता स्पष्टच विचारतो, रागावू नकोस. त्या प्रसंगात हसण्यासारखं काय आहे ते फक्त आपल्या घरातल्या माणसाला कळेल. “आपले बाबा इतकी वाक्यं बोलल्याचं आठवत नाही,” असं तूच लिहिलंस. तुला नाटक पटलेलं नाही. तू कुणाला काही बोललीस का? दुकानातल्या एखाद्या मैत्रिणीला? ती येऊन बसत असेल आणि तुला येऊन सांगत असेल, आणि तुम्ही दोघी मिळून हसत असाल.

नसेल तर नाही म्हण.

तुझा धाकटा


१४ नोव्हेंबर

नाही.

आता सविस्तर. तुझ्या बालपणाचं तू नाटक केलंस, तेव्हा मला विचारलं होतंस? त्यात तू आहेस, आई आहे, बाबा आहेत. मी कुठे आहे? तेरा वर्षांची होते मी. तुला अंघोळ घालत होते, तुझे पाढे घेत होते, आई कारखान्यात गेल्यावर तुला जेवायला वाढत होते. नाटकात बहीणच नाही. पहिल्या प्रयोगानंतर तुला हे बोलणार होते, पण तू हार घालून उभा होतास आणि चेहरा असा काही फुलला होता की म्हटलं, जाऊ दे. माझ्या मैत्रिणींना तुझ्यावर हसायला बसचं तिकीट काढून यायची गरज नाही. त्या घरबसल्या हसतात.

एवढं लिहून अर्धा दिवस पत्र तसंच ठेवलं. राग उतरला, पण खोडत नाही. असू दे.

आता आईचं ऐक. ती गुणगुणते. भांडी घासताना, कपड्यांच्या घड्या घालताना. आपली आई, रे! परवा जेवताना घास हातात धरून एकटीच हसली. मी विचारलं काय झालं, तर म्हणे, “काही नाही, एक आठवलं.” शनिवारी सकाळी ठेवणीतले कपडे काढते, आरशासमोर उभी राहते. गुडघा दाखवायला कोण एवढं नटून जातं? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकतेय, पण नक्की कसली शंका आहे तेच कळत नाही. या वयात डोक्यावर परिणाम होतो म्हणतात, तसलं काही असेल का?

ताई


१७ नोव्हेंबर

ताई,

चुकलो. बहिणीचं मी खरंच लिहायला हवं होतं. लिहायला बसलो होतो, पण तू आलीस की ते घर एकदम बरं वाटायला लागायचं आणि नाटक ढिलं पडायचं. ही सबब नाही, खरं ते सांगतोय.

आणखी एक खरं सांगतो. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, मुलाखतींमध्ये तर नाहीच. हे नाटक मी का लिहिलं? लोक विचारतात तेव्हा मी आईच्या सोसण्याबद्दल बोलतो. पण लिहिताना माझ्या डोक्यात एकच होतं. कधीतरी, कुठल्यातरी गावी बाबा पोस्टर बघतील, खाली माझं नाव वाचतील आणि तिकीट काढून आत येतील. बाल्कनीचंच काढतील, कारण समोर बसायचं त्यांना धाडस होणार नाही. मी शेवटच्या रांगेत डोळे मिटून बसतो ते खोकला मोजायला, हे खरं आहे. पण मी त्यांच्यासाठीही बसतो. मला वाटायचं, ते आले तर मला आवाजावरून कळेल. रडण्यावरून कळेल असं वाटलं होतं.

ते रडत नाहीयेत, ताई. ते हसतायत.

विचार कर. आपल्या घरातून बाबा कसे गेले ते तू पाहिलं नाहीस, मी पाहिलं नाही, आपण दोघंही शाळेत होतो. त्या दुपारी तिथे दोनच माणसं होती. त्यातलं एक तुझ्याकडे घरी बसलंय. मग माझ्या दाराला हसणारं दुसरं कोण उरलं? मी इतकी वर्षं त्यांना चांगले शब्द दिले आणि ते वर बसून माझी फजिती बघतायत. येऊ देत. मला त्यांना एकदा बघायचंय. पुढे काय बोलेन ते माहीत नाही, पण उजेडात बघायचंय.

तुझा धाकटा


२४ नोव्हेंबर

अरे,

तुझं पत्र वाचून मी काय केलं ते वाच.

मी गुडघ्याच्या दवाखान्यात फोन केला. तिथली बाई म्हणाली, तुमच्या आईंचे उपचार दोन महिन्यांपूर्वीच संपले, छान बऱ्या झाल्या होत्या त्या.

म्हणजे दर शनिवारी ती दवाखान्याचं नाव सांगून तुझ्या शहरात जाते आणि दुपारभर कुठेतरी असते. नटून जाते. गुणगुणत परत येते. तुझ्या बाल्कनीतलं हसणंही शनिवारचंच. दोन्हीचा मेळ घातला की एकच निघतं. ती त्यांना भेटतेय. मला दुसरं काही सुचत नाही. इतक्या वर्षांनी त्यांनी तिला शोधून काढलं असेल, आणि दोघं मिळून लेकाचं नाटक बघत असतील. आपण दोघं तिला जपत बसलोय, फोनवर हळू बोलतोय, पत्रं दुकानात मागवतोय!

शनिवारी आमच्या दुकानात सगळ्यात जास्त गर्दी असते, मला मालक सोडणार नाहीत. नाहीतर तिच्या मागोमाग बसमध्ये बसले असते. तिला तोंडावर विचारायचं म्हणून दोनदा तिच्या खोलीपर्यंत गेले आणि चहा हवा का असं विचारून परत आले.

तू मात्र आततायीपणा करू नकोस. आधी नुसतं लांबून बघ, आणि मला कळव. मग आपण दोघं मिळून ठरवू. ऐकशील ना?

ताई


२९ नोव्हेंबर, शनिवार, प्रयोगानंतर

ताई,

आई घरी पोचली का?

मघाशी फोन आला आणि कुणी बोललं नाही, तो मी होतो. तुझा आवाज ऐकला आणि मी ठेवून दिला.

मी तुझं ऐकलं नाही. लाइटवाल्याला सांगून ठेवलं होतं की वरून हसू आलं रे आलं की थिएटरातले सगळे दिवे लाव. मी बाल्कनीच्या जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो, म्हणजे बाबा पळाले तर माझ्या अंगावरूनच जावं लागेल. दार लागलं. हसू आलं. दिवे लागले. आईचं काम करणारी नटी डोळ्यांवर हात धरून तशीच उभी राहिली आणि सगळं थिएटर मागे वळून वर बघायला लागलं. कुणीतरी ओरडलं, “बाहेर काढा!” मग आणखी चार जण ओरडले. मी वर धावलो. मी म्हातारा पुरुष शोधत होतो. तसा कुणीच नव्हता. पलीकडच्या जिन्याचं दार नुसतं हलत होतं आणि कडेची एक खुर्ची रिकामी होती.

खुर्चीखाली चष्मा पडला होता. काडीला हिरवा दोरा.

डोअरकीपर म्हणाला, “म्हातारी हो साहेब, तुम्हाला सांगितलं होतं की मी.”

मी आवाजावरून माणसं ओळखतो असा टेंभा मिरवतो. पण ते हसणं मला ओळखू आलं नाही, कारण मी ते आयुष्यात कधी ऐकलेलंच नाही. माझ्याच प्रेक्षकांनी तिला बाहेर काढा म्हटलं, ताई, आणि दिवे मी लावायला सांगितले होते.

ती पोचली का ते कळव.


२ डिसेंबर

पोचली. धूसर दिसत होतं म्हणून बसमध्ये कुणाला तरी विचारत विचारत आली. गुडघा सुजलाय, बाकी ठीक आहे. दोन दिवस मी चहा देत होते, ती पीत होती. आज सकाळी म्हणाली, “कागद घे, त्याला लिहायचंय.” तिचा चष्मा तुझ्याकडे, म्हणून लिहिणं माझ्याकडे आलंय. ती बोलते तसं लिहितेय. कंसातलं माझं.

बाळा,

आधी त्या पोरीला सांग, जी माझं काम करते तिला. म्हणावं, घाबरू नकोस, तुझं काही चुकलं नव्हतं. बिचारी दिवे लागल्यावर किती कावरीबावरी झाली. चांगली आहे पोर. मरते फार छान.

मला नाटकाचं कारखान्यातल्या माझ्या जुन्या मैत्रिणीकडून कळलं, तुझ्या ताईकडून नव्हे. तिला उगाच बोलू नकोस. (ऐकलंस?) मैत्रीण म्हणाली, तुझ्या लेकाने तुझ्यावर नाटक लिहिलंय आणि शेवटी तू दाराकडे बघत बघत मरतेस. म्हटलं, बघून तरी यावं कशी मरते. पहिल्यांदा मी चिडले. ही कोण रडूबाई, म्हटलं, हिला दुसरा उद्योग नाही का? मी कारखान्यात दहा-दहा तास शर्टांची काजं करत होते, मला दाराकडे बघायला सवड कुठली? आणि मग तो निघाला. ती बॅग, ते बोलणं! आणि दार कसं, तर अलगद. मला आवरलंच नाही रे. तोंडात पदर... (पदर नव्हे, रुमाल, ती म्हणते नीट लिही) रुमाल कोंबला, तरी हसू बाहेर आलंच.

तू ते दार विसरलास? ते वर उचलून खांदा लावल्याशिवाय हलायचंच नाही. तुझ्या बापाला ते कधी जमलं नाही. त्या दिवशीही जमलं नाही. भांडण झालं की “मी जातो” म्हणायचा, वर्षानुवर्षं म्हणत होता, आणि मी दर वेळी त्याला थांबवत होते. त्या दुपारी त्याने खरोखर बॅग भरली, दाराशी गेला आणि ओढायला लागला. ओढतोय, ओढतोय, लालबुंद झाला. दार ढिम्म. मग बॅग खाली ठेवली आणि मला म्हणतो, “उद्या जातो.”

मी इस्त्री करत होते. इस्त्री उभी केली. जाऊन दाराला खांदा लावला, उचललं, उघडलं, आणि म्हटलं, “आजच जा.”

(हे मी आत्ता, लिहिताना ऐकतेय. इतकी वर्षं हिच्याबरोबर राहून मला हे माहीत नव्हतं. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणते, “तुम्ही कधी विचारलंत?” पुढे लिही म्हणतेय.)

मला दुःख झालं नाही असं नाही. झालं. पण त्या रात्री मला गाढ झोप लागली, तेही खरं आहे. तो गेला, मी कामाला लागले. दाराकडे मी बघत बसले नाही, बाळा. तू बसलास. शाळेतून यायचास आणि दप्तर न काढता उंबऱ्यावर बसायचास, अंधार पडेपर्यंत. ताई जेवायला ओढून न्यायची तेव्हा उठायचास. तुझ्या नाटकातली ती बाई मी नाहीच. तिसऱ्यांदा बघताना माझ्या ध्यानात आलं, हे तर माझं पोर आहे. याने आपलं बसणं माझ्या नावावर लिहिलंय. त्यानंतर शेवटी ती मरते तेव्हा मी रडायला लागले. ते तुला खाली ऐकू गेलं नाही, कारण तेव्हा सगळेच रडत असतात.

तुझी ताई म्हणते, तुला वाटलं वर तो बसलाय. नाही बसला. कुठे असतो मला ठाऊक नाही, खरंच नाही. पण तू कुणासाठी लिहिलंस ते मला समजलं होतं, म्हणून दर शनिवारी मी आधी वरच्या सगळ्या रांगा नीट बघून घेत होते. दिसला असता तर मीच त्याला हाताला धरून खाली तुझ्याकडे आणला असता.

एवढे शनिवार का आले, असं तू विचारशील. घरी येतोस तेव्हा घड्याळ बघत जेवतोस आणि निघतोस. तिथे पडदा पडल्यावर तू पुढे येतोस, लोक टाळ्या वाजवतात आणि तू किती तरी वेळ उभा असतोस. मला बघायला मिळतोस. वाळलायस.

चष्मा ताईच्या हाती नको देऊस, ती टाकून देईल. (देणारच होते.) शनिवारी येईन तेव्हा घेईन. कडेची खुर्ची ठेवायला सांग, आणि शेजारची ताईसाठी, तिचे मालक काय म्हणतील ते म्हणतील. नाटकात काही बदलू नकोस, दार आहे तसंच राहू दे. मला हसू आलं तर मी हसेन.

दिवे तेवढे लावू नकोस.

आई